बेचाळीस किलोमीटर आणि पुढचे दोन

बारकी आमच्या कोंबड्यांच्या कारखान्यात सात वर्षं माझ्या डाव्या हाताला उभी असायची. डोक्यावरच्या साखळीला उलट्या टांगलेल्या, सोललेल्या कोंबड्या सरकत यायच्या. ती तंगड्या कापायची, मी पंख. डाव्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा, उजव्यात सुरी, पायात गमबूट आणि खाली सतत वाहतं गार पाणी. तिथल्या गोंगाटात कुणी कुणाचं नाव लक्षात ठेवत नाही. ती अंगाने काडी, म्हणून बारकी. मी वयाने मोठी, म्हणून सगळ्यांची मावशी.

ती कामाला लागली तेव्हा चौतीस वर्षांची होती. लग्न मोडून आईकडे परत आली होती. तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग मी पहिल्याच आठवड्यात पाहिले. विचारलं तर म्हणाली, "दाराला लागलं." पुढच्या महिन्यात पुन्हा दार. मी म्हटलं, "तुमच्या घरात दारं फार आहेत गं." ती हसली नाही. दोन दिवसांनी डबा खाताना आपणहून म्हणाली, "मावशी, त्या दाराला मी दादा म्हणते."

तिचा हा मोठा भाऊ फरशी बसवायचा. हाताला कसब असं, की त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही. लोक त्याच्यासाठी दोन-दोन महिने थांबायचे. दारूला तो शिवत नसे, त्यामुळे दोष दारूवर ढकलायचीही सोय नव्हती. चिडला की मारायचा, आणि कशाने चिडेल याचा नेम नव्हता. बायको दोन वर्षांत निघून गेली. मग हाताखाली आई आणि बहीण उरल्या. आईचं बोट मोडलं, दात पडला, प्रत्येक वेळी दवाखान्यात तिचं एकच उत्तर, "पडले."

एका रविवारी दुपारी त्याची पातळी बघायची पट्टी जागेवर नव्हती. बारकीने पुसताना ती खिडकीत ठेवली होती. तो फरशी ठोकायचा रबरी हातोडा घेऊन स्वयंपाकघरात आला. पहिला घाव तिने खांद्यावर घेतला, दुसऱ्याच्या आत मागच्या दाराने बाहेर पडली. तो मागे. गल्ली, पाण्याची टाकी, शाळेची भिंत, आणि तिथून डोंगराचा चढ सुरू. पायात रबरी चपला होत्या, त्याही पहिल्या वळणावर सुटल्या. ती जीव मुठीत धरून वर चढत राहिली. मागे शिव्या ऐकू येत होत्या, मग नुसता श्वास, मग काहीच नाही. तिने वळून पाहिलं तर तो दुसऱ्या वळणावर ओणवा होऊन ओकत होता.

"आणि मी?" ती मला सांगत होती. "मला धापच लागली नव्हती, मावशी. मी माथ्यापर्यंत गेले. उगाच. कुणी मागे नसताना."

अर्थात संध्याकाळी तिला घरी जावंच लागलं. आई तिथे होती. त्या संध्याकाळी तिच्या दोन बरगड्यांना चीर गेली. दीड महिना ती डाव्या कुशीवर झोपली नाही. पण बरगड्या भरून आल्यावर ती पहाटे पुन्हा डोंगरावर गेली, आणि मग रोज जायला लागली. दादा उठायच्या आत जायचं, तो कामावर निघाला की परत यायचं, आणि तिथून कारखान्यात.

डोंगरावर तिला पोस्टमन भेटला. निवृत्त झालेला, साठीचा, वेताच्या छडीसारखा माणूस. तीस वर्षं पायी टपाल वाटलं होतं आणि आता हौसेने डोंगरवाटांच्या शर्यती पळायचा. त्याने तिला साध्या कापडी बुटांत उतारावरून उड्या मारत येताना पाहिलं आणि वाट अडवून उभा राहिला.

"दात पाडून घ्यायचेत का?"

"एक पडलाय आधीच," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून शिकवायलाच लागला. आठवडाभर थोडं आणि सावकाश, रविवारी लांब. बुधवारी एकच चढ आठ वेळा. उतारावर भिऊन मागे रेलायचं नाही, वजन पुढे ठेवायचं, नजर पावलांवर नाही तर चार पावलं पुढे. तहान लागायच्या आधी पाणी, भूक लागायच्या आधी केळं. ती मला साखळीवर काम करता करता हे सगळं ओरडून सांगायची आणि मी मान डोलवायची. तिच्या पायाच्या अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली. ती तिने कागदात गुंडाळून मला दाखवायला आणली. मी डबा बंद केला.

वर्षभराने एक प्रकार घडला, तो इथे सांगायलाच हवा. ती आणि पोस्टमन खाणीच्या बाजूने पळत होते. दोन कुत्री धावून आली. एक लांबूनच भुंकत राहिलं, दुसऱ्याने पोस्टमनच्या पोटरीत दात रुतवले आणि सोडेना. बारकीने दगड उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. कुत्रं सुटलं, कोलमडलं. तिने पुन्हा घातला. पुन्हा घातला. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते तरी ती घालतच होती. शेवटी पोस्टमनने तिचं मनगट धरलं. "पुरे. मेलं ते. केव्हाच मेलं."

त्या दिवशी कामावर तिच्या हातून एकही तंगडी नीट कापली गेली नाही.

"कुत्र्याची दया येतेय का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मला थांबता येत नव्हतं. बरं वाटत होतं, मावशी. दादालाही असंच बरं वाटत असणार."

तिच्यासमोरून सरकणाऱ्या तंगड्याही मग मीच कापायला घेतल्या.

तिसऱ्या वर्षी तिने बेचाळीस किलोमीटरच्या डोंगरी मॅरेथॉनमध्ये नाव घातलं. शर्यत आमच्याच भागातली. सुरुवात डोंगराच्या पलीकडच्या गावात, मग जंगल, दोन माथे, एक दगडी खिंड, आणि शेवट आमच्याकडच्या मैदानावर. तिच्या घरापासून दोन किलोमीटरवर. तिने नकाशा स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर चिकटवला. एरवी ती घरात काहीही चिकटवायची नाही. पण तिने मनाशी आणखी एक गोष्ट ठरवली होती. कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली बघून ठेवली होती, आणि शर्यत झाली की आईला घेऊन तिकडे राहायला जायचं होतं. शर्यतीच्या चार दिवस आधी तिने हे दादाला तोंडावर सांगितलं.

त्याने त्या दिवशी हात उचलला नाही. सकाळी ती उठली तर तिचे बूट फरशी कापायच्या यंत्रावर ठेवलेले होते. चार तुकडे, कडा अगदी सरळ.

पोस्टमनने आपल्या मुलीचे बूट आणून दिले. अर्धा नंबर मोठे. पुढची पोकळी आम्ही कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीतल्या कापसाने भरली.

शर्यतीच्या दिवशी मी पोस्टमनच्या सांगण्यावरून तेहेतिसाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलावर होते. दगडी खिंड ओलांडली की दोन किलोमीटरवर आमचं टेबल. पेले, केळी, मीठ-साखरेचं पाणी, एक तरुण डॉक्टर, आणि एक वायरलेस. तिथे फोन लागत नाही. पळणारे एकेक करून येत होते, कुणी लंगडत, कुणी पांढऱ्याफटक चेहऱ्याने. पोस्टमन आला, दोन पेले रिचवून म्हणाला, "मागेच आहे. झकास पळतेय." आणि गेला. मी वाट बघत राहिले. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

खिंडीत काय झालं ते तिने नंतर मला सांगितलं आणि पोलिसांनाही सांगितलं. दोन्हींत एका शब्दाचाही फरक नव्हता.

खिंडीतली वाट दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सुट्या दगडांची घसरण. तिच्या पुढे-मागे त्या वेळी कुणी नव्हतं. वळण घेतलं तर समोर दादा उभा. खाणीच्या रस्त्याने मोटरसायकल आणून पुढचं अंतर तो चालत चढला होता. शर्ट घामाने चिकटलेला, हातात हातोडा.

"परत फिर," तो म्हणाला. "घरी चल."

"बाजूला हो दादा. मागून लोक येतायत."

"आईला न्यायचीय ना तुला? ने की. पण आता उचलून न्यावी लागेल."

तिचे पाय जागच्या जागी थांबले. "काय केलंस?"

"विचारलं तिला, कुणाबरोबर राहणार. उत्तर चुकलं तिचं."

त्याने हातोडा फिरवला तो सरळ तिच्या तोंडावर बसला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. डोळ्यांसमोर काजवे चमकले, तोंडात रक्त भरलं. दुसरा घाव मानेवर आला. तो तिचे केस धरून तिला कातळाकडे ओढत होता. एकतीस किलोमीटर पळून आलेल्या बाईच्या अंगात हाताने भांडायला बळ उरत नाही. पण पायांत होतं. तिने कातळाला पाठ लावली, दोन्ही पाय उचलले आणि त्याच्या पोटात टेकवून सगळ्या ताकदीने सरळ केले.

तो मागे गेला. मागे वाट नव्हती. तिच्या केसांची एक बट त्याच्या मुठीत तशीच गेली. पंधरा-वीस फूट तो दगडांबरोबर घसरत खाली गेला आणि एका मोठ्या धोंड्याला उजव्या पायाने आपटला. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. मग तो ओरडायला लागला. ती त्याला जन्मापासून ओळखत होती, पण ओरडताना पहिल्यांदाच ऐकत होती.

ती खाली उतरली. त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या हातात नारळाएवढा दगड आहे. तो कधी उचलला ते तिला आठवत नव्हतं. त्यानेही पाहिला. ओरडणं थांबवून त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले, अगदी आई धरायची तसे.

"किती वेळ उभी होतीस?" नंतर जबाब घेताना पोलीस बाईंनी तिला विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आईची आठवण झाली तोपर्यंत."

दगड टाकून ती वर चढली आणि पळायला लागली.

मला ती दिसली तेव्हा ओळखूच आली नाही. नाकाच्या जागी सुजलेला गोळा, छातीवरचा नंबर रक्ताने भिजलेला, एका बाजूच्या केसांखाली कातडी उघडी. टेबलाशी येऊन तिने दोन्ही हात टेकले आणि कामावर माल मोजून सांगावा तसं सांगितलं, "मागे खिंडीत घसरणीवर एक माणूस पडलाय. उजवा पाय मोडलाय. शुद्धीवर आहे. स्ट्रेचर लागेल."

डॉक्टर तिच्या नाकाकडे धावला. मी विचारलं, "कोण माणूस?"

"दादा. आणि मावशी, त्याने आईला मारलंय. घरी पडलीय ती. कुणालातरी पाठव."

मी वायरलेस उचलला. तो फक्त मैदानावरच्या मंडपाशी बोलायचा. मी खिंडीतल्या माणसाचं सांगितलं, मग तिच्या घराचा पत्ता दोनदा ओरडून सांगितला. तिकडून खरखर आणि "ठीक, ठीक" आलं. पुढे कळलं, त्यांना पहिलं तेवढं ऐकू गेलं होतं.

"गाडीने किती वेळ?" तिने विचारलं.

"डोंगराला वळसा आहे," मी म्हटलं. "खाली उतरून गाडीपर्यंत जायचं, मग रस्ता... दोन तास."

"पळत नऊ किलोमीटर. आणि पुढे दोन."

"तुम्ही पळू शकत नाही," डॉक्टर म्हणाला. "नाकाचं हाड मोडलंय."

"मी नाकाने पळत नाही," ती म्हणाली. पेला तोंडाला लावला, रक्तमिश्रित पाण्याने चूळ भरली, दुसरा पेला पिऊन टाकला आणि गेली. तिच्या पाठीकडे बघत मी उभी राहिले. केळ्यांच्या खोक्यावर बसून मी रडले. पुढचे दोन पळणारे स्वतःच पाणी ओतून घेऊन गेले.

त्या नऊ किलोमीटरांबद्दल ती कधीच फारसं बोलली नाही. तोंडाने श्वास घेताना रक्त घशात उतरायचं, दोनदा ओकली, एकदा झाडाच्या मुळात पाय अडकून पडली आणि तळहाताची सालटी निघाली, एवढंच. मैदानावर काय झालं ते पोस्टमनने पाहिलं. लोक दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत होते. शेवटच्या पट्टीच्या पलीकडे एक बाई गळ्यात घालायला पदक घेऊन उभी होती. बारकी कमानीखालून आली आणि थांबलीच नाही. पदकवाल्या बाईचा हात हवेत राहिला. मंडप, गाड्या, फाटक, सगळं मागे टाकून ती रस्त्याला लागली. लोकांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पोस्टमन पाय ताणत बसला होता, तो तसाच उठून तिच्या मागे लागला. पण त्याला ती गाठता आली नाही.

घराच्या दाराला बाहेरून कडी लावलेली होती. आई स्वयंपाकघरात जमिनीवर होती, भावाने बसवलेल्या त्या नितळ फरशीवर. खुबा मोडलेला, उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली. सकाळी आठपासून साडेबारापर्यंत ती तशीच पडून होती. सरकत सरकत पाण्याच्या पिंपापर्यंत गेली होती, पण वर हात पोचला नव्हता. फळीवरचा नकाशा ओढून काढलेला होता.

बारकी तिच्याशेजारी बसली. आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला कुठे गाठलं त्याने?"

"डोंगरात."

"पळाली नाहीस?"

"पळतेच आहे सकाळपासून," बारकी म्हणाली. पोस्टमन धापा टाकत दारात पोचला तेव्हा दोघी हसत होत्या. हसताना आईला खुब्यात कळ येत होती आणि मुलीच्या नाकातून रक्त येत होतं, तरी थांबत नव्हत्या. त्याने शेजाऱ्यांच्या घरून रुग्णवाहिका बोलावली.

दवाखान्यात पोलीस बाई आल्या. आईच्या पलंगाशी बसून त्यांनी वही उघडली. "कशा पडलात?" त्यांनी विचारलं. बारकी आणि मी बाजूला उभ्या होतो. इतकी वर्षं त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं.

आईने मोडक्या बोटांचा हात पांघरुणावर काढून ठेवला. मग म्हणाली, "पडले नाही. पाडलं." आणि पहिल्यापासून सांगायला लागली. बोट, दात, बरगड्या, साल आणि महिनासुद्धा. पोलीस बाईंना पानं पुरेनात.

बारकीच्या जबाबाच्या वेळी मात्र अडलं. भावाचं म्हणणं होतं की तिने ढकललं. पोलीस बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झटापटीत त्याचा तोल गेला, असं लिहू ना?"

"नाही," बारकी म्हणाली. "मी ढकललं. पायांनी."

"तुमच्यावर केस होईल."

"होऊ दे. आमच्या घरात आपोआप कुणीच पडत नाही, बाई."

केस झाली. नऊ महिने तिच्या डोक्यावर टांगती राहिली. तारखेच्या दिवशी ती सुट्टी घ्यायची आणि मी दोघींच्या वाटच्या तंगड्या-पंख कापायची. शेवटी तिने जिवाच्या बचावासाठी केलं असं ठरलं आणि ती सुटली. भावाला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या पायात सळया घातल्या. आईला त्या मागच्या गल्लीतल्या खोलीत आणली. तिथली फरशी उंचसखल आहे, वॉकर अडतो, आई रोज कुरकुरते.

बारकीचं नाक वाकडं राहिलं. थंडीत डावी नाकपुडी बंद होते, म्हणून ती पळताना तोंड उघडं ठेवते. त्यानंतर ती चार मॅरेथॉन पळली. मोठं बक्षीस एकदाही नाही, एकदा वयोगटात तिसरी आली.

मागच्या हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही फाटकाबाहेर उन्हाला उभ्या होतो. गमबूट, रबरी एप्रन, सगळं अंगावरच. रस्त्याच्या पलीकडे दादा उभा होता. सुटून आलेला. केस पिकलेले, हातात काठी. त्याने रस्ता ओलांडला, एक पाय ओढत, सावकाश. मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला खूण केली. बारकी हलली नाही.

चार हातांवर तो थांबला. "आई कशी आहे?"

"चालते. वॉकर घेऊन."

"भेटू का?"

"नाही."

तो तिच्या नाकाकडे बघत होता. "मी काही करणार नाही आता," तो म्हणाला. "काही करताच येत नाही."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तरी नाही."

तो काठी टेकत फाटकाशेजारच्या थांब्याकडे गेला. मग बस आली. चढताना त्याला दांडा धरून पाय वर घ्यायला फार कष्ट पडले, कंडक्टरने हात दिला. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत बारकी तिथेच होती.

आत गेल्यावर तिने हातमोजा चढवला, सुरी घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. साखळीवरच्या तीन कोंबड्या तिच्यासमोरून तंगड्यांसकट पुढे गेल्या. सुपरवायझरने काही न विचारता तिला खोकी बांधायला पाठवलं. त्या दुपारी तिने बांधलेल्या प्रत्येक खोक्यावर चिकटपट्टी वाकडी लागली होती. संध्याकाळी ती खोकी गाडीत चढवताना मी पाहिली, आणि तशीच जाऊ दिली.